थोरलीची मागची काच

“आधी मागं बस, संध्या. पुढं बसून कुणीबी खूश होतंय. गाडी ज्याच्यासाठी घ्यायची, तो मागं बसतो. दार लाव, काच खाली करून बघ, आन् मग बाकीचं इचार.”

सासऱ्यांचा आवाज अंबरनाथच्या त्या चकचकीत शोरूममध्ये इतका जवळून आला, की संध्याने क्षणभर मागे वळून पाहिलं. मागे कोणीच नव्हतं. धर्मराजांना जाऊन काही वर्षं झाली होती. जन्मभर कंपनीच्या बसवर ड्रायव्हर असलेला माणूस. घरात पहिली गाडी त्यांनीच आणली आणि ती चालवायला त्यांनी मुलाआधी सुनेला शिकवलं. त्यावरून राजेंद्र आठवडाभर रुसून बसला होता.

शोरूमच्या प्रमोदने पुढचं दार अदबीने उघडून धरलं होतं. “या मॅडम, इथे बसा. स्क्रीन बघा, एकदम थिएटरसारखी आहे.”

संध्या मागच्या दाराकडे गेली.

“झालं सुरू,” राजेंद्र हसला. “प्रमोद, आमच्या घरात गाडी मागून बघतात. मुलगी बघायला जायचं आणि तिच्या आत्याला बघून यायचं, तसं.”

संध्या आत बसली. दार ओढून घेतलं. दार मऊ आवाज करून लागलं आणि बाहेरचं जग एकदम गप्प झालं. सीट खोलगट होती, बसलं की माणूस आत जात होता. छत मागे उतरत आलेलं, केसांना लागेल न लागेल असं. खिडकी अरुंद, मागे निमुळती होत गेलेली. तिने काच खाली करायला हात नेला. तिथे एक छोटं बटण होतं. गाडी बंद होती. तिने ते दाबलं. काच हलली नाही.

गाडीचं नाव व्हॅलोरा. या घराने तिच्या तिन्ही पिढ्या पाहिल्या होत्या, म्हणून घरात तिला नावाने कोणी ओळखतच नसे. धर्मराजांनी घेतलेली पहिली ती थोरली. कपाटासारखी चौकोनी, जड दारांची, मोठ्या काचांची; मागच्या काचा हाताने हँडल फिरवून खाली करायच्या. राजेंद्रने पुढे घेतलेली ती मधली. जरा गोलसर, मागेही थंड हवा, सगळ्या काचा बटणावर. आणि आता ही धाकटी. चहूबाजूंनी कॅमेरे, सहा एअरबॅगा, इंजिनाचा आवाज म्हणाल तर कुजबुज. बदलापूरला कात्रपच्या त्यांच्या इमारतीत कमिटीने एका घराला एकच गाडी उभी करायचा नियम केला होता. त्यामुळे थोरली आणि मधली दोन्ही आजच शोरूमला जायच्या होत्या. थोरलीचं वयही झालं होतं, तिच्या कागदांची मुदत संपत आली होती.

संध्याच्या पर्समध्ये फोन वाजला. उल्हासनगर कॅम्प चारहून महेश बोलत होता, राजेंद्रचा मावसभाऊ.

“जयभीम वहिनी. मावशीला आणताय ना?” त्याचा आवाज बसला होता. “डॉक्टरांनी काल सांगितलं, आता घरीच ठेवा. आई डोळे उघडते, दाराकडे बघते. ‘राजा आली का’ एवढंच विचारते. मी काय सांगू तिला?”

“सांगा, मी आणते.” संध्या हळू बोलली. तिचं बोलणं नेहमीच असं, समोरच्याने पुढे झुकून ऐकावं लागे. “आज आणते.”

हा शब्द तिने आधीही दिला होता, गेल्या आठवड्यात, इंदुबाईंचा वाळलेला हात हातात घेऊन. इंदुबाई म्हणजे महेशची आई, संध्याच्या सासूची, राजाबाईंची, पाठची बहीण. “माझ्या राजाला एकदा आण,” एवढंच मागणं होतं. संध्याने “आणते, मावशी” म्हटलं होतं. शब्द दिला की तिच्या लेखी ते शीलच. आणि हा शब्द पाळणं तिच्या हातात नव्हतं, कारण राजाबाई गाडीत बसत नव्हत्या.

रिक्षात त्यांना चालत नसे. पाठीच्या मणक्याला धक्के लागू द्यायचे नाहीत, असं डॉक्टरांचं बजावणं होतं. स्टेशनचा पूल त्यांच्याच्याने चढवत नव्हता. राहिली गाडी. आणि गाडीत न बसण्याचं कारण असं होतं, की त्यापुढे बोलायची कोणाची छाती नव्हती. राजाबाईंनी गेल्या आषाढी पौर्णिमेला विहारात अष्टशील घेतलं होतं. एरवी घरात सगळे पंचशील घेत. अष्टशीलात तीन शीलं जास्तीची: दुपारनंतर जेवायचं नाही, नाचगाणं-नटणं नाही, आणि उंच, ऐसपैस आसनावर बसायचं नाही. वर्षावासाचे तीन महिने संपले की बाकीच्या बाया पुन्हा पाच शीलांवर आल्या. राजाबाई मात्र आठच धरून बसल्या. राजेंद्रने एकदा मधली दारात आणून उभी केली, तेव्हा त्या म्हणाल्या होत्या, “एवढ्या उंच गादीवर मी बसत नाही रे आता. माझं व्रत आहे.” विहारात ही गोष्ट कौतुकाने सांगितली गेली. संध्या तर रोज पहाटे उठून त्यांचं जेवण दुपारच्या आत होईल अशा बेताने स्वयंपाक करत होती, आणि त्यात तिला धन्यता वाटत होती.

“कोण, महेश?” राजेंद्रने काचेतून विचारलं. संध्याने मान हलवली. त्याचा चेहरा उतरला. इंदुमावशीच्या मांडीवर तो वाढला होता.

“म्हणूनच तर मी ही बघतोय,” तो म्हणाला. “तुला काय वाटलं, स्क्रीनसाठी? हिची सीट तिघींत सगळ्यात खाली आहे. आईला मोजूनच दाखवतो. प्रमोद, ही गाडी तासाभरासाठी मिळेल? कात्रपहून आईला घेऊ आणि कॅम्प चारला जाऊन येऊ.”

“सर, लांबची टेस्ट ड्राइव्ह समजा. मी येतो सोबत. टेन्शन नाही घ्यायचं.”

कात्रपला घरी राजाबाई जेवून पाटावर बसल्या होत्या. पांढरं लुगडं, पांढरे केस. समोर बुद्धाच्या मूर्तीपुढची मेणबत्ती विझत आलेली. राजेंद्र आत आला तोच मोजपट्टी घेऊन.

“आई, खाली चल. मावशीकडे जायचंय.”

“अरे, पण माझं...”

“व्रत मोडणार नाही. तुझ्यासमोर मोजतो. मग तू सांग.”

त्यांना नाही म्हणायला जागाच उरली नाही. संध्याचा खांदा धरून त्या खाली आल्या. इमारतीच्या अंगणात तिघी ओळीने उभ्या होत्या. राजेंद्रने थोरलीचं दार उघडलं, जमिनीपासून सीटपर्यंत पट्टी ताणली आणि मोठ्याने म्हणाला, “ही बघ थोरली, सगळ्यात उंच. बाबा होते तेव्हा चढायला विटा लागायच्या. ही मधली, तिच्याहून चार बोटं खाली. आणि ही धाकटी! टेकलीस की बसलीस. तुझ्या खाटेपेक्षा बुटकी आहे. आता बोल!”

गॅलरीतून दोनतीन शेजारणी वाकून बघत होत्या. “राजाबाई, मुलगा वकील व्हायला हवा होता!” एक जण म्हणाली.

राजाबाई हसल्या नाहीत. त्या पट्टीकडे बघत होत्या, कोर्टाच्या समन्सकडे बघावं तशा.

आणि संध्या थोरलीकडे बघत होती. थोरली सगळ्यात उंच. हे वाक्य तिच्या मनात कुठेतरी अडकलं. गेल्या पौर्णिमेला मधली गॅरेजमध्ये होती, विहाराच्या कार्यक्रमाला उशीर होत होता, म्हणून संध्याने थोरली काढली होती आणि राजाबाई त्यात बसल्या होत्या. चक्क पौर्णिमेला, उपोसथाच्या म्हणजे व्रताच्या दिवशी! काही बोलल्या नव्हत्या. बसल्याबसल्या त्यांनी हँडल फिरवून काच पूर्ण खाली केली होती. गार वारा आत येत होता, शाल उडत होती, तरी काच वर घेतली नव्हती. हँडलवरचा हात तर विहार येईपर्यंत काढला नव्हता.

तेव्हा संध्याला वाटलं होतं, सासऱ्यांची आठवण आली असेल.

“चला, चला,” राजेंद्र घाई करत होता. “मावशी वाट बघतेय.”

इंदूचं नाव ऐकून राजाबाईंनी पदर सावरला. धाकटीच्या दारापाशी त्या थांबल्या, ओठ मिटले आणि आत बसल्या. संध्या त्यांच्या शेजारी बसली. राजेंद्र स्टिअरिंगवर, प्रमोद त्याच्या बाजूला. कात्रपच्या दुकानांतून गाडी बाहेर पडली आणि अंबरनाथच्या रस्त्याला लागून जरा वेग घेताच चारही दारं आपोआप लॉक झाली. खट्.

राजाबाईंचे खांदे उडाले.

“ऑटो लॉक, सर,” प्रमोद अभिमानाने म्हणाला. “आणि हे बटण बघा. मागच्या काचा लॉक. लहान मुलं असली की बरं पडतं.” त्याने ते दाबून दाखवलं आणि तसंच राहू दिलं.

“मधलीला पण होतं हे,” राजेंद्र म्हणाला. त्याचा मूड परत आला होता, आई गाडीत बसली होती. “अरे, तुला मधलीची गंमत सांगायची राहिली. या पावसाळ्यात नदीकडच्या रस्त्यावर पाणी आलं आणि गाडी ठप्प. सगळं इलेक्ट्रिक बंद. मी पळालो माणसं आणायला. परत येऊन बघतो तर काय, आत पाणी, आणि आई मागच्या सीटवर मांडी घालून, डोळे मिटून ध्यानाला बसलेली! मूर्तीसारखी! लोकांनी हात जोडले रे बाहेरून.”

प्रमोद हसला. “मावशी, लय भारी!”

ही गोष्ट संध्याने कितीतरी वेळा ऐकली होती. पाहुणा आला की राजेंद्र ती सांगे. लोक हसत आणि मग जरा आदराने राजाबाईंकडे बघत. ‘त्या पाण्यातच आईला वैराग्य आलं’, हे तिचं शेवटचं वाक्य ठरलेलं. आजवर संध्यानेही ती हसतच ऐकली होती. पण आज ती मागे बसून ऐकत होती, आणि तिची नजर राजाबाईंच्या हाताकडे गेली.

राजाबाईंचं बोट काचेच्या बटणावर होतं. त्या ते दाबत होत्या. काच हलत नव्हती. त्या पुन्हा दाबत होत्या. नख पांढरं पडलं होतं.

“अहो,” संध्या म्हणाली, “मागची काच उघडा जरा.”

“धूळ येईल गं. एसी आहे ना. प्रमोद, मागे वाढव जरा एसी.”

“आईंना वारा हवाय.”

“हाच वारा आहे. थंड करून दिलाय.”

पुढे ट्रक आडवा लागला होता. गाड्या तुंबल्या. धाकटी थांबली आणि एवढी शांत झाली, की राजाबाईंचा श्वास ऐकू येऊ लागला. आत जाताना अडकणारा, बाहेर येताना फाटणारा. त्या ओठांतल्या ओठांत काहीतरी म्हणत होत्या. त्रिशरण असावं, पण शब्द एकमेकांवर चढत होते. मग त्यांनी दाराचं हँडल ओढलं. दार उघडलं नाही. पुन्हा ओढलं. आणि मग त्यांनी दोन्ही पाय उचलून सीटवर घेतले, मांडी घातली आणि डोळे घट्ट मिटले.

अगदी मूर्तीसारख्या.

संध्याने पुढची सीट दोन्ही हातांनी हलवली.

“गाडी उघडा!” ती ओरडली. आयुष्यात इतक्या मोठ्याने ती कधी बोलली नव्हती. राजेंद्र दचकून वळला. “काय झालं?”

“आधी दारं उघडा! आत्ता!”

प्रमोदने कुठलंसं बटण दाबलं. संध्या आपल्या बाजूने उतरून, मागून एका रिक्षाने हॉर्न मारला त्याकडे न बघता, फेरी मारून आली आणि सासूबाईंचं दार बाहेरून उघडलं. राजाबाई तिच्या अंगावर कलंडल्याच. तिने त्यांना धरून रस्त्याकडेच्या एका दगडावर बसवलं. त्यांचं लुगडं घामाने पाठीला चिकटलं होतं.

राजेंद्र गाडी कडेला लावून धावत आला. “आई! छातीत दुखतंय का? दवाखान्यात...”

“नको.” त्यांनी मान हलवली. श्वास सापडला तेव्हा म्हणाल्या, “मला नाही जमत बाबा. माझं व्रत आहे.”

राजेंद्रचा आवाज चढला. “व्रत! खाटेपेक्षा खाली आहे ती सीट! तिकडे मावशी शेवटचं बघायला मागते तुला, आणि तू दगडावर बसून व्रत सांगतेस? कुठल्या बुद्धाने सांगितलं हे?”

“अहो, पुरे.”

“पुरे काय! तूही तिचंच ऐक. दोघी मिळून विहारातच राहा!”

राजाबाई जमिनीकडे बघत होत्या. संध्याने एका रिकाम्या रिक्षाला हात केला. “तुम्ही गाडी परत करून या. मी आईंना घरी नेते. सावकाश नेते.”

रिक्षावाला खरोखर सावकाश गेला. एका खड्ड्यात चाक गेलं तेव्हा राजाबाईंनी ओठ चावला, पाठीतून कळ गेली असणार. पण रिक्षाला दार नव्हतं. मोकळ्या बाजूच्या दांडीला धरून त्या बाहेर बघत होत्या आणि त्यांचा चेहरा हळूहळू निवत चालला होता. संध्याने ते पाहिलं. आता तिला कोणी काही सांगायची गरज नव्हती. तरीही विचारायला हवं होतं.

घरी आल्यावर तिने त्यांना पाणी दिलं. त्या पाटावर बसल्या, ती समोर फरशीवर.

“आई, थोरली सगळ्यात उंच आहे.”

राजाबाईंनी पाण्याचा पेला खाली ठेवला.

“पौर्णिमेला तुम्ही तिच्यात बसलात.”

राजाबाईंनी दोन्ही हात मांडीवर उलटे करून पाहिले.

“मी ध्यान नव्हते गं करत,” राजाबाई म्हणाल्या. “लोकांस्नी वाटलं. काच बडवून बडवून हात सुजले होते माझे. बटण दाबलं, दाबलं, दाबतच राहिले. आपल्या अस्मिताची पोरं आजोळी आली तवा त्यांच्यासाठी दाराला ते लॉक लावलेलं, कुणी काढलंच नव्हतं. पुढच्या सीटवर जायला पाठ वळंना. पाणी पायाला लागलं तसे पाय वर घेतले. पाणी चढताना दिसत होतं, म्हणून डोळे मिटले. ध्यान कुठलं? भ्या होतं ते.”

“मग सांगितलं का नाही?”

“कुणाला सांगू? राजू आला तोच हसत आला. गाडी ढकलायला माणसं घेऊन. ‘बघा माझी आई!’ म्हणाला. ती माणसं हात जोडायला लागली. त्याच्या तोंडावर एवढा आनंद, की आई बरी हाय. त्याला वाटलं होतं, आतच मी जास्त सुरक्षित. आता त्याला म्हणू का, की तू मला कोंडून गेला होतास? जन्मभर खाईल ते त्याला.”

त्यांनी पदराने तोंड पुसलं.

“मग पौर्णिमा आली. अष्टशील घेतलं ते मनापासून घेतलं, शपथ. पण पुढं राजू गाडी काढून उभा राहिला आन् माझ्या तोंडून ते उंच आसनाचं निघून गेलं. लोकांनी वाहवा केली. मग मला ते सोडवंना. रोज सकाळी खोटं न बोलण्याचं चौथं शील घेते, तिथं माझा आवाज खाली जातो. तू ऐकलं असशील.”

संध्याने ऐकलं होतं. रोज ऐकलं होतं. वय झालं, दम पुरत नाही, असं समजून त्या ओळीला ती स्वतःचा आवाज जरा वर काढत होती, सासूबाईंचा झाकला जावा म्हणून.

तिच्या डोळ्यांत पाणी आलं. व्रतं तीही करत होती, आणि दुसऱ्याच्या व्रताकडे कधी खाली वाकून बघितलं नव्हतं, नुसते हात जोडले होते.

“राजूला सांगू नकोस,” राजाबाई म्हणाल्या.

“तुम्ही सांगेपर्यंत नाही सांगणार. पण त्यांनी विचारलं तर खोटंही बोलणार नाही.”

तेवढ्यात फोन वाजला. राजेंद्रच होता, शोरूममधून. “आई कशी आहे?”

“बऱ्या आहेत.”

“हं. मी गाडी पक्की करतोय. शोरूमचा माणूस निघालाय, दोन्ही गाड्या घेऊन जाईल. चाव्या दे त्याला.”

“मधलीची देते,” संध्या म्हणाली. “थोरली आज मिळणार नाही.”

“म्हणजे?”

“मावशींना शब्द दिलाय. थोरलीतून आईंना घेऊन जाते.”

“तू वेडी झालीस का? तिला एअरबॅग नाही, धड ब्रेक नाहीत आजच्यासारखे. आणि ती तर सगळ्यात उंच! आईचं व्रत...” तो थांबला. पलीकडे काहीतरी जुळत होतं किंवा बिघडत होतं. “संध्या, हे व्रतच आहे ना?”

“ते मी सांगणार नाही. पण तुम्ही एक करा.” तिचा आवाज पुन्हा नेहमीसारखा खाली आला होता, पण हलत नव्हता. “बाबा सांगायचे ते. मागं बसा. प्रमोदला सांगा, बाहेरून लॉक कर, इंजिन बंद ठेव, काचा बंद ठेव आणि तू कुठेतरी माणसं आणायला जा. तो परत येईपर्यंत बसा.”

“हा काय पोरखेळ...”

तिने फोन ठेवला. सासूबाईंना शाल दिली. “चला, आई.”

तिने खिळ्यावरच्या दोन्ही चाव्या घेतल्या. खाली आली तर फाटकाशी मोटारसायकल उभी राहत होती. शोरूमचा माणूस हेल्मेट काढत म्हणाला, “दोन गाड्यांच्या चाव्या द्या मॅडम, माझ्यामागून दुसरा ड्रायव्हर येतोय.”

“ही मधलीची.” संध्याने एकच चावी त्याच्या हातावर ठेवली.

“आणि ती चौकोनी?”

“ती बाहेर जायचीय.”

“मॅडम, सरांनी तर सांगितलं...” तो फोन काढून राजेंद्रला लावू लागला. “उचलत नाहीत.”

संध्याने थोरलीत बसून किल्ली फिरवली. काहीच झालं नाही. ना दिवा, ना आवाज. पुन्हा फिरवली. थोरली मेल्यासारखी गप्प. राजाबाई शालीचं टोक मुठीत धरून बाहेर उभ्या होत्या. शोरूमचा माणूस म्हणाला, “बॅटरी उतरली असेल, राहू दे मॅडम, आम्ही टो करून नेऊ.” संध्याने कपाळ स्टिअरिंगला टेकवलं. कॅम्प चारमधले ते दाराकडे लागलेले डोळे तिला दिसत होते.

फोन वाजला. राजेंद्रच.

“संध्या.” आवाज त्याचा वाटत नव्हता. “बॅटरी उतरू नये म्हणून थोरलीची काळी वायर मी सकाळी काढून ठेवलीय. डिकीत पाना आहे. घट्ट बसव.”

पलीकडे कसलाच आवाज नव्हता. शोरूममध्ये केवढी गडबड असते, त्यातलं काहीच ऐकू येत नव्हतं.

“कुठून बोलताय?”

“मागून,” तो म्हणाला. “मागच्या सीटवरून.” आणि बऱ्याच वेळाने, “प्रमोद अजून आला नाही.”

“येईल,” संध्या हळूच म्हणाली. “काचेकडे बघू नका. बाहेर लांबचं काहीतरी बघा.”

“आईला सांग... नको. मीच सांगतो. मावशीकडे येतो मी, रिक्षाने. त्या माणसाला म्हणावं, थोरली राहू दे आज.”

संध्याने बॉनेट उचललं. सासऱ्यांनीच दाखवलेलं होतं सगळं. वायर बसवली, पाना आवळला, हात पदराला पुसले. शोरूमच्या माणसाला राजेंद्रचा निरोप दिला. तो खांदे उडवून मधलीकडे वळला.

मग ती थोरलीत पुढे बसली नाही. आधी मागचं दार उघडून आत बसली. दार लावलं. आतून उघडून पाहिलं, उघडलं. पुन्हा लावलं. हँडल धरून फिरवलं, कुरकुरत काच खाली आली. पूर्ण खाली. बाहेर राजाबाई तिच्याकडे बघत होत्या, आणि सकाळपासून पहिल्यांदा त्यांच्या डोळ्यांत हसू होतं.

“तुझ्या सासऱ्यासारखीच हाईस,” त्या म्हणाल्या.

संध्या उतरली. अंगणाच्या कोपऱ्यातून तिने दोन विटा आणून दारापाशी रचल्या, सासूबाईंचा कोपर धरला. त्या विटांवरून चढून, सगळ्यात उंच सीटवर, राजाबाई बसल्या आणि त्यांनी हँडलवर हात ठेवला.

विटा बाजूला करून संध्या पुढे आली. थोरली खोकत सुरू झाली. ती मोठमोठ्याने घुरघुरली, पण संध्याने तिला हळूच फाटकाबाहेर काढलं, मागची काच उघडी ठेवून, आणि उल्हासनगरच्या रस्त्याला लागली.